चाळीस दिवसांचे शिंपले

मी प्रिमितिवा इनोक, वय एकाहत्तर, कै. एलेउतेरियो इनोक यांची विधवा, राहणार ओलांगो बेट, सेबू प्रांत. हे लिहून ठेवताना माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण नोटरी म्हणतात कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. रागाने लिहिते आहे, आणि त्यालाही कायद्याची हरकत नाही हे मी विचारून घेतले आहे. मला मूलबाळ नाही.

कलम १. राहते घर, पुढची खोली सोडून, माझ्या भावाची मुलगी ज्युवेलिन हिला द्यावे. पत्र्याला पावसाआधी डांबर लावणे तिच्याकडे.

कलम २. पक्कड, दोन चिमटे, झिजलेल्या टूथब्रशांचा डबा आणि सार्डिनच्या डब्यात ठेवलेला डिंक, हेही तिलाच. अंगणातल्या भंगाराला मात्र कोणी हात लावू नये. लोकांना तो उकिरडा दिसतो. ब्लीचच्या बाटलीचा मी दिवा केला, फुटक्या बशांची आरशाला चौकट केली, मोडक्या पंख्याच्या जाळीला शिंपले ओवून झुंबर केले. सगळे शेजाऱ्यांनी फेकलेले. तेच शेजारी माझ्या दारावरून नाक धरून जातात. का, ते कलम ४ मध्ये आहे.

कलम ३. बदामाच्या झाडाखालचा वाळूचा खड्डा ज्युवेलिनचा. जेवणातले शंख-शिंपले कितीही उकडले तरी शंखाच्या वेटोळ्यात मांसाचे टोक राहतेच. तिथे सुई पोहोचत नाही, मुंग्या पोहोचतात. म्हणून चाळीस दिवस पुरायचे. एकोणचाळीस नाही, बाई.

कलम ४. हे कलम सावकाश वाचावे. १९९८ साली जत्रेसाठी आमच्या वाडीच्या चॅपलला मी कमान करायला घेतली. पंख्याच्या अकरा जाळ्या तारेने बांधून झाल्या, शिंपले खड्ड्यात होते. तेवढ्यात एलेउतेरियोचे ऑपरेशन निघाले आणि मला सेबूला जावे लागले. निघताना माझ्या नणंदेला, कॉन्सोर्सियाला, मी बजावले, "खड्ड्याला हात लावू नकोस. दिवस भरले नाहीत तर कमान तशीच राहू दे."

"जा गं वहिनी," ती म्हणाली, "मला काय कळत नाही का?"

एकोणिसाव्या दिवशी तिने शिंपले उकरले, धुतले आणि चिकटवले. जत्रेच्या सकाळी मी परतले तेव्हा ऊन चढलेले होते आणि कमानीला घाण सुटली होती. बाळ येशूच्या मखमली झग्यावर माशा बसल्या. फादरांनी प्रवचन रुमालातून संपवले. आणि ही बया माइकपाशी उभी राहून सांगते, "काम वहिनीच्या हातचं आहे. मी नुसतं चिकटवलं." मी मागे औषधांची पिशवी धरून उभी होते.

त्या दिवसापासून मी 'कुजकी प्रिमा'. तेव्हा जन्मलेलीही नव्हती ती पोरे आज मला या नावाने हाक मारतात. सव्वीस वर्षे माझी एकही वस्तू चॅपलने घेतली नाही. एलेउतेरियो म्हणाला, "एकुलती बहीण आहे माझी, जाऊ दे." मी जाऊ दिले. त्याला जाऊन बारा वर्षे झाली, तरी मी जाऊच देते आहे. हे माझे चुकले, आणि याचा मला आजही संताप येतो.

कलम ५. पुढच्या खोलीत कॉन्सोर्सिया विधवा झाल्यापासून शिलाई मशीन घेऊन राहते. तिला दुसरा आसरा नाही. खोली तिलाच द्यावी. परंतु आमच्या कायद्याने मृत्युपत्राला तीन साक्षीदार लागतात, आणि दोनच असताना ज्याला वाटा मिळायचा त्यानेच तिसरा साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा वाटा बुडतो. नोटरींनी हे सांगितले तेव्हा मला फार बरे वाटले. म्हणून मी दोनच साक्षीदार बोलावले आहेत. हा कागद आजच तिच्यासमोर मोठ्याने वाचावा. तिने गप्प बसून खोली घ्यावी, मग नोटरी दुसऱ्या कोणाला बोलावतील. नाहीतर कलम ४ खरे असल्याचे स्वतःच्या हाताने लिहून सही करावी. मग खोली ज्युवेलिनची, आणि या कागदाची प्रत चॅपलच्या दारावर.

कलम ६. माझ्या अंत्ययात्रेत जो नाक धरील त्याला जेवायला वाढू नये.

ठिकाण: ओलांगो. दिनांक: १४ मार्च २०२४.
सही: प्रिमितिवा इनोक

साक्षीदार:
१. तेओदुल्फो आमोदिया, नावाडी
२. एस्तेर पागोबो, निवृत्त शिक्षिका
३. कलम चार खरं आहे. शिंपले मीच उकरले. वहिनीनं नको म्हणून सांगितलं होतं. खोली नको. कॉन्सोर्सिया तुमुलाक, शिवणकाम

सर्वांसमक्ष, माझ्या हाताने जोड: खोली जायची ती मी मेल्यावर. मी अजून इथे बसलेली आहे आणि मला मरायची मुळीच घाई नाही. तोवर कॉन्सोर्सियाने मशीन जागचे हलवू नये. प्रि. इनोक