बैठकीच्या खोलीतली ट्रायंफ

३ मार्च

नवऱ्याची ती जुनी ब्रिटिश मोटरसायकल बैठकीच्या खोलीत येऊन महिना झाला. तेल गळतं म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. आज वाकून पाहिलं तर पानावर कामगारांच्या गेटसभेत बोलतानाचा माझाच फोटो — आणि थेंब नेमका माझ्या उघड्या तोंडात!

सासूबाई म्हणाल्या, "सवत आणून ठेवलीय त्यानं. आणि तूच पुसतेस तिचं तेल!"

बजावलं — पुढच्या रविवारपर्यंत ही ट्रायंफ घराबाहेर. साम्राज्याचं भंगार माझ्या छपराखाली नको. नवरा म्हणाला, "बरं." आम्ही दोघं एकाच कारखान्यात पंप जुळवतो. तिथे मला तोफ म्हणतात, याला मौनीबाबा. उगाच नाही!

५ मार्च

"बरं" म्हणणाऱ्याशी भांडायचं तर मुद्दे भक्कम हवेत. वाचनालयातून या गाडीच्या इतिहासाची दोन जाडजूड पुस्तकं आणली.

इंजिनाबद्दल विचारलं मात्र, मौनीबाबाला कंठ फुटला! दोन सिलिंडर, शेजारी-शेजारी उभे. दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली. "पण स्फोट आलटूनपालटून. एकात ठिणगी पडते तेव्हा दुसरा नुसता श्वास घेतो. पुढच्या फेरीला त्याची पाळी."

"मग एवढी थरथरते का?"

"दोघं एकदमच धावतात ना. सावरून धरायला कुणी नाही."

पुस्तक सांगतं, मूळ रचना १९३७ची, पाचशे सीसीची. मग तीच फुगवत नेली — साडेसहाशे, साडेसातशे! नवं काढायचं नाही, जुनंच ताणायचं. आमचा मालक तरी वेगळं काय करतो?

७ मार्च

वाचता वाचता उभीच राहिले!

सत्तरच्या दशकात मालकांनी या गाडीचा इंग्लंडमधला कारखाना बंद करायचं ठरवलं. कामगारांनी फाटकं अडवली. तयार गाड्या आत, मालक बाहेर. तब्बल दीड वर्ष! मग सहकारी संस्था काढून कारखाना स्वतः चालवला. सगळ्यांना सारखा पगार! शेवटी बुडाला, तेही लिहिलंय. पण चालवला!

आणि मी भंगार म्हणत होते.

नवऱ्याला विचारलं, आपली गाडी त्यांनीच केलेली ना? तो म्हणाला, "त्यांच्या काळात गिअर डावीकडे आला. अमेरिकेतल्या नियमामुळे. आपला बघ — उजवीकडे. त्याआधीची आहे."

हिरमोड!

"पण हात तेच ना," म्हणाला.

गाडीला मुदतवाढ दिली. सासूबाई म्हणाल्या, "पाघळलीस!"

९ मार्च

आमच्याच फाटकावर नोटीस! सोमवारी ट्रक येणार, यंत्रं दुसऱ्या गावी जाणार. दोनशे माणसं घरी बसणार — आम्ही दोघंही. साहेब म्हणतात, "जुनी यंत्रं, जुना माल. आम्ही तरी काय करणार?"

उद्यापासून गेटसभा. काय करायचं ते मला ठाऊक आहे. पुस्तकात वाचलंय!

११ मार्च

दिवसभरात चार सभा. टाळ्या भरपूर. पण फाटक अडवून आत बसू या म्हटलं की सगळे चपलांकडे बघतात. सोमवारी सकाळी शेवटची सभा. तेव्हा जिंकायचंच.

१२ मार्च

आवाज गेला! तोंडातून नुसती फुसफुस. मीठ-पाणी, आलं, मध — सगळं करून झालं. सासूबाई म्हणतात, घरात इतकी शांतता लग्नाआधी होती.

उद्या बोलणार कोण?

१३ मार्च

गाडी अखेर घराबाहेर गेली. ट्रक यायच्या आत नवऱ्याने ती फाटकात आडवी घातली, साखळीने गजांना जखडली आणि कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. मग स्टुलावर चढला. "बिघडलंय ते दुरुस्त करू. भंगारात का काढायचं? मी आत बसतोय." एवढंच बोलला! चपलांकडे कुणी बघितलं नाही. हात वर गेले — एकदम, सगळे.

हे फाटकाच्या आत बसून लिहितेय. मी नुसता श्वास घेतला. पाळी त्याची होती.