बंद झालेला कायद्याचा तास

मी, श्रीमती मुग्धा विश्वंभर खानझोडे, वय सहासष्ट, निवृत्त शिक्षिका, मूळची वर्ध्याची, आता राहणार सीपरी बाजार, झाशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शरीर मात्र थकले आहे, आणि त्याची दखल कोणत्याही कलमात घेता येत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कचेरीसाठी हिंदी भाषांतर सोबत आहे. अर्थावरून वाद झाल्यास हे मराठी खरे मानावे.

१. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे पती कै. विश्वंभर रेल्वेत होते. त्यांच्या निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागले, तेव्हा हे माझ्या पगारातून घेतले. हे घर मुलगी स्वराली आणि मुलगा पार्थ यांना निम्मे-निम्मे मिळावे. पार्थ फोनवर म्हणाला, "आई, ताईला लग्नात दिलंच आहे की." दिले ते लग्नात, वारशात नव्हे. हा फरक मी अकरावीच्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवला. पोटच्या मुलाला तो पुन्हा शिकवण्याचे त्राण आता नाही. त्याने एवढे मान्य करावे.

माझे वडील गेले तेव्हा वर्ध्याला भावांनी माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले. "माहेर हवं असेल तर सही कर," असे थोरला म्हणाला. मी सही केली. माहेर तरीही राहिले नाही. भावांकडून मला काही नको, आणि त्यांनी माझ्या दिवसांना येऊ नये.

२. शाळेविषयी. आमच्याकडे अकरावी-बारावीला कायदा हा विषय सुरू झाला तेव्हा तो शिकवायला कुणी तयार नव्हते. मी राज्यशास्त्राची, म्हणून माझ्या गळ्यात पडला. गणितातून सुटका हवी असलेली मुले तो घेत. पण वारसाहक्काचा धडा आला की मागचे बाकही गप्प व्हायचे. प्रत्येकाच्या घरात सही करून बसलेली एखादी आत्या असायचीच.

सुरभी कुशवाहा चिरगाँवहून बसने यायची. वडील वारले होते. बारावीत असताना एकदा तास संपल्यावर ती थांबली. "मैम, चाचाजी घर अपने नाम करा रहे हैं. अम्मा अँगूठा लगा देंगी. मैं अभी सत्रह की हूँ, मेरे हिस्से का क्या होगा?"

मी म्हटले, "किताब खोलो, तुम ही बताओ."

तिने शोधून वाचले. सज्ञान न झालेल्या मुलाच्या वाट्याचे घर आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय देऊन टाकता येत नाही. दुसऱ्या दिवशी चुलत्याने बोलावलेल्या चार माणसांसमोर तिने तेच म्हणून दाखवले आणि आईचा हात धरून ठेवला. कागद अंगठ्याविनाच परत गेला.

मग चुलता शाळेत आला. प्राचार्यांनी मला बोलावून घेतले. "मैडम, आप बच्चों को क़ानून पढ़ाती हैं या घर तोड़ना?"

"सर, जो सिलेबस में है, वही पढ़ाया."

पुढच्या वर्षी, विद्यार्थी कमी म्हणून, विषय बंद झाला. मी पालकांच्या घरोघर हिंडले. चहा सगळ्यांनी दिला. निवृत्तीपर्यंत मला वाचनालयात बसवून ठेवले. प्राचार्यांवर माझा राग होता. तो वागवण्याचीही आता ताकद नाही, म्हणून इथेच सोडते. शाळेला माझ्याकडून काही नाही. शोकसभेसाठी फोटोसुद्धा देऊ नये.

३. विश्वंभरांची हत्यारांची पेटी पार्थला. तो ती वापरणार नाही हे मला ठाऊक आहे. निदान विकू नये. माझ्या बांगड्या स्वरालीला. बँकेत जे असेल त्यातून आधी माझा अंत्यविधी साधेपणाने करावा, उरेल ते दोघांनी सारखे घ्यावे.

४. पार्थला मराठी समजते, वाचायला जड जाते. स्वरालीने हे त्याला समोर बसून वाचून दाखवावे. फोनवर नको.

५. माझी कायद्याची पुस्तके मला सुरभीला द्यायची होती. ती वकील झाली नाही, याचे मला बरेच दिवस वाईट वाटत असे. ती चिरगाँवला त्याच घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून आईसोबत राहते. आज साक्षीसाठी आली, तेव्हा हे कलम ऐकून म्हणाली, "मैम, मेरा नाम काटिए. गवाह को वसीयत से कुछ नहीं लेना चाहिए."

मी म्हटले, "वो धारा हम हिंदुओं पर लागू नहीं होती."

"पता है. पर पार्थ भैया के वकील को बोलने का मौका क्यों दें?"

"तो किताबें?"

"आज ही दे दीजिए. ख़ुद अपने हाथ से."

म्हणून या कलमाखाली वाटण्यासारखे काही उरलेले नाही. पुस्तके मी दुपारीच तिच्या हाती दिली, सह्या झाल्या की ती ऑटोतून नेईल. बैठकीतले कपाट रिकामे दिसेल. त्यावरून कुणी कुणाला जाब विचारू नये.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना, सुरभीला हिंदीतून, वाचून दाखवला. त्यांच्यादेखत मी सही केली, माझ्यादेखत त्यांनी.

मुग्धा विश्वंभर खानझोडे

साक्षीदार:
१. लक्ष्मण भीमराव उमाळे, शेजारी, निवृत्त रेल्वे कर्मचारी, सीपरी बाजार
२. सुरभी कुशवाहा, शिवणकाम, राहणार स्वतःचे घर, चिरगाँव

झाशी, १४ नोव्हेंबर २०२५