मुळं कुठल्या शेतातली

कोल्हापूर,
७ सप्टेंबर १९९७

प्रिय दादास,
सविनय जयभीम.

तुम्ही सगळी खुशाल असाल. वहिनीची कंबर आता कशी आहे? मी बरी आहे. गौरी-गणपतीला हॉस्टेलच्या सगळ्या मुली गावी गेल्यात, मेस बंद, म्हणून दोन्ही वेळा पोहेच करून खाते. काल वॉचमन केरबामामा म्हणाले, "समद्या गेल्या की. तुमी न्हाय गेला व्हय, बाई? घरला कोण न्हाय का?" मी म्हटलं, "हाय की!" आणि जिना चढून वर आले. वर येऊन उगाचच खोली झाडली.

पीएच.डी.चं काम मात्र जोरात आहे. तू चेष्टा करतोस ना, "आमची संघप्रिया किड्यांच्या सोयरिकी बघतीया" म्हणून? तसंच समज. भुईमुगाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच दिसतात. कोण कुणाच्या कुळातला, ते तोंडावळ्यावरून कळत नाही. म्हणून त्यांच्या पोटातली विकरं, म्हणजे एन्झाइम, बघायची. कुरडयांसारखा स्टार्चचा चीक शिजवायचा (गुठळी झाली की मेहनत पाण्यात), त्याची लादी थंड करायची, तिच्यात जिवाणूंचा अर्क ठेवून वीज सोडायची. प्रत्येक विकर आपापल्या चालीनं सरकतं. वर रंग ओतला की रेघा उमटतात. बऱ्याच विकरांच्या रेघा जुळल्या तर ते जवळचे नातलग, नाही जुळल्या तर लांबचे.

आपल्या शेतातल्या जिवाणूंची एक रेघ सगळ्यांच्या पुढं पळते. जिल्ह्यात दुसरीकडं कुठंच मला ती सापडली नाही. माझ्या गाइड मॅडमना मी कौतुकानं दाखवली होती. म्हटलं, ही आमच्या घरची.

आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते तुझ्यासमोरच. ठरलेलं लग्न मी मोडलं, चार पाहुण्यांत त्यांचा शब्द गेला. "आजपास्नं तू माझी लेक न्हवंस," म्हणाले. पण त्यानंतरही दर पावसाळ्यात गडहिंग्लजच्या एसटीनं, कंडक्टरच्या हाती, त्यांनी उपटलेली रोपं येत राहिली. ओल्या पोत्यात, तांबड्या मातीसकट, मी पूर्वी सांगितलं होतं अगदी तशी. चिठ्ठी नसायची. मला तेवढंही पुरायचं. स्टँडवरून पोतं उराशी धरून आणायचे, ड्रेस चिखलानं भरायचा आणि मी रस्ताभर हसत यायचे.

यंदा पोतं आलं नाही. तूच रोपं घेऊन आलास. "आबांनी दिल्यात, गावाकडनंच आलोय," म्हणालास. मुळं स्वच्छ धुतलेली होती. वाटलं, आईनं धुतली असतील.

दादा, ती पुढं पळणारी रेघ यंदा एकाही गाठीत नाही. माझंच काहीतरी चुकलं म्हणून मी पुन्हा चीक शिजवला, पुन्हा रेघा पाहिल्या. त्या जुळतात शिरोळच्या जिवाणूंशी. गेल्या वर्षी तुझ्या घरामागच्या रानातून मी स्वतः रोपं आणली होती, त्यांच्याशी. तिकडची काळी माती मी ओळखीन, हे तुझ्या ध्यानात आलं असणार. शेतकऱ्याचा मुलगा तू, जमीन मातीवरून ओळखतोस. म्हणून माती तेवढी धुतलीस.

रागावले नाही रे. आबांनी रोपं द्यायला साफ नाही म्हटलं असणार आणि ते मला कळू नये म्हणून तू दुसऱ्याच्या रानात वाकलास. पण तू गेल्यावर मी किती दिवस खुशीत होते, तुला काय सांगू! आता खोली खायला उठते. फार एकटं वाटतंय, दादा.

ती रोपं मी प्रबंधात शिरोळची म्हणूनच लिहिणार. तक्त्यात आपल्या गावापुढची जागा यंदा कोरी आहे, ती तू भरू नकोस.

उद्या पहिल्या गाडीनं मी गावी चाललेय. हे पत्र तुला मिळेल तोवर जाऊन आलेली असेन. शेंगा अजून काढल्या नसतील. घरी जाणार नाही, सरळ शेतात उतरून रोपं उपटायला लागेन. आबा तिथंच असतील. हाकलतील, तर हाकलू देत. त्यासाठी तरी त्यांना माझ्याशी बोलावं लागेल.

तुझी, आणि त्यांचीही,
संघप्रिया