उजव्या हाताचा ब्रेक

मार्गो,

तुझा फोन लागत नाहीये, म्हणून फ्रिजवर लिहून ठेवतोय. ट्रेंट डोंगरात सायकलवरून पडला. हेलिकॉप्टरने त्याला लॉन्सेस्टनच्या हॉस्पिटलात नेलंय, मीही तिकडेच निघालोय. शुद्धीवर आहे, पण पाय हलत नाहीत. कुत्र्याला शेजारी बेरिलकडे सोडलंय. गाडी सावकाश आण, रस्त्यावर लाकडाचे ट्रक आहेत. तुझ्या आईला कॅनडात फोन तूच कर, मला जमणार नाही.

सायकल मीच निवडून दिली होती. आपल्या दुकानात तासभर त्याचं डोकं खाल्लं. उतार आवडतो की चढ, उड्या मारतोस का, वजन किती. शेवटी वैतागून म्हणाला, "दाजी, सायकल देताय की मुलगी?" आम्ही दोघंही हसलो.

एकच गोष्ट राहिली. तुमच्याकडे कॅनडात पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आमच्याकडे इथे उजव्या. उतारावर मागचा समजून पुढचा दाबला की माणूस हँडलवरून फेकला जातो. बाहेरून आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारतो आणि ब्रेकच्या बाजू बदलून देतो. ट्रेंट तुझा भाऊ, घरचा, त्यामुळे डोक्यातच आलं नाही.

सायकल शेडमध्ये आहे. ब्रेक मी होते तसेच ठेवलेत, तू बघ.

गावात सगळे म्हणतायत की पोरगा भलत्याच वेगात होता. मीही अजून कुणाला काही बोललेलो नाही. पण मी त्याच्या मागेच होतो, मार्गो. तो वेगात नव्हता. खडक दिसल्याबरोबर त्याने ब्रेक दाबला, अगदी वेळेवर, त्याच्या सवयीच्या हाताने.

नील