गुणी बाळ

९ जून २०२४
कोपरीच्या भाड्याच्या खोलीतून आज मानपाड्यात, आमच्या स्वतःच्या घरी आलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद, पण हवा भरपूर. सासूबाईंनी दूध उतू घातलं. सुशांत म्हणाला, आपण आल्याचं तळमजल्यावरच्या मंजुळाकाकूंना कळवायला नको, बायकोचा आवाज पोचलाय. पोचू दे. पुढच्या आठवड्यापासून बालवाडीत शिकवणार आहे, तिथे हाच आवाज कामाला येईल.

२७ जून
मला दिवस गेलेत. सुशांत पेढे आणायला निघाला, तर सासूबाईंनी त्याला दारातूनच परत फिरवलं. तीन महिने भरेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, दृष्ट लागते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि मी गप्प बसायचं! बसेन. घर नवं आहे, सासूबाईंचं मन राखलेलं बरं.

८ जुलै
अंगभर बारीक लाल पुरळ, किंचित ताप, कानामागे गाठी. शाळेच्या पहिल्या आठवड्यात छोट्या प्राप्तीला असंच झालेलं. रडत होती म्हणून तिला मांडीवर घेऊन बसले होते. नाक्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, दिवस वगैरे गेलेत का? सासूबाई शेजारीच होत्या. मी नाही म्हटलं. मग काळजीचं काही नाही, असं ते म्हणाले.

२० ऑगस्ट
तीन महिने भरले. पेढे वाटले, प्रसूतिगृहात नाव घातलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मध्यंतरी ताप, पुरळ? माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, नुसतं घामोळं. मी मान डोलावली. पुरळ तर तिसऱ्या दिवशी गेलं होतं.

९ फेब्रुवारी २०२५
मुलगा झाला. जेमतेम दोन किलो. छातीत जादा आवाज येतोय, मोठ्या इस्पितळात दाखवा, कानही तपासून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सासूबाई म्हणतात, सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही.

१६ फेब्रुवारी
जो येतो तो म्हणतो, किती गुणी बाळ. कुकरच्या शिट्टीने दचकत नाही. आज खालून वरात गेली, फटाके, बेंजो. मी दचकले. तो नाही.

२० फेब्रुवारी
बारसं. नणंद ऐश्वर्या कोपरीहून आली. आत्या म्हणून तिने त्याच्या कानाशी वाकून नाव सांगितलं, दर्शन, आणि मोठ्याने कुर्रर्र केलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, हसल्या. त्याची पापणीही हलली नाही. तिने त्याचे मटामटा मुके घेतले. जाताना माझ्या कानात कुजबुजली, "वहिनी, मलापण दिवस गेलेत. सहावा आठवडा. कुणाला बोलू नको हां."

२२ फेब्रुवारी
बाळाला बघायला आरोग्यसेविका नयनताई आल्या. त्यांना एकट्यांना सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, ते रुबेला असणार, जर्मन गोवर. पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय — उद्याच मोठ्या इस्पितळात न्या. आणि अशा बाळाच्या लाळेतून तो महिनोन्महिने दुसऱ्याला लागतो. दिवस गेलेली बाई घरात येऊ देऊ नका.

२३ फेब्रुवारी
सासूबाईंना सांगितलं. त्या रडल्या. मग म्हणाल्या, कुणापाशी बोललीस तर माझ्या नातवाला कुणी हात लावणार नाही. सुशांत खाली बघत बसला. इस्पितळात गेलो नाही. मी माझ्या हाताने — एक "नाही" म्हटलं फक्त —

२४ फेब्रुवारी
ऐश्वर्या परत आलीये. बाळाची ओढ लागली म्हणे. तिला बघून माझ्या हातातलं स्टीलचं ताट पडलं. ती दचकली. खालून मंजुळाकाकूंनी काय झालं म्हणून हाक मारली. पाळण्यात तो तसाच —

ऐश्वर्या म्हणाली, किती गुणी. त्याला उचलून घेतलंय. तोंडाशी तोंड —

मी आतल्या खोलीत लिहितेय. सासूबाई दारात उभ्या, ओठांवर बोट. आजच सांगायला हवं. आत्ता. माझा आवाज तर तीन मजले खाली जातो, मग आत्ताच का —