गंगारामनं मला विचारलं नाही

धाड, ७ नोव्हेंबर १९६३

गंगाराम आज माझ्याच ओसरीवर बसला आणि माझ्याकडं पाठ करून सूनबाईला शब्द विचारला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्याचं चुलतभावाशी भांडण आहे, त्यात वकील ‘एन्मिटी’ म्हणाला. इंग्रजी अडलं की गाव माझ्याकडं येतं. डिक्शनरी उशाला घेऊन शिकलो मी! पण सूनबाई मॅट्रिक ना.

“काकाजी, एन्मिटी म्हणजे वैर. नुसता रुसवा नाही. समोरच्याचं वाईट व्हावं असं मनातून वाटलं, तर एन्मिटी.”

“मंग आमची नाही, बाप्पा! त्याचा बैल बसला तं उठवाले मीच जातो.”

हसत उठला, तिलाच रामराम करून गेला. मी ‘दुष्मनी’ एवढंच सांगून मोकळा झालो असतो. तिनं भांडणच मिटवलं. हेच टोचतंय का?

“मामाजी, बरोबर सांगितलं ना मी?” तिनं विचारलं. “हाव,” म्हणालो.

पोरीचं वाईट व्हावं असं मुळीच वाटत नाही. म्हणजे एन्मिटी नव्हे. पण ती पाठ! जळफळाटाला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला येतं. गंगारामनं तेवढं तरी मला विचारायचं होतं.