ताईबाईची शेगडी

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार, दुपारी

प्रिय जागू,

पत्र बघून हसशील. हस, पण हळू, टाके ओढतील. चौथी शिकलेल्या बाईनं लिहायचं म्हणजे अक्षरं मुंग्यांसारखी चालणार, पण दुसरा इलाज नाही. सकाळपासून तुला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुझ्या नानीनं, त्या ताईबाईनं, उचलला आणि स्पीकरवर टाकला. पोरगी झोपली आहे म्हणे. मग मागं कोण हसत होतं, मांजर? शेवटी ही पिशवी शेजारच्या कौतिकभाऊंच्या हाती देते आहे, ते दुपारच्या एसटीनं धुळ्याला निघालेत. आत चार गाऊन आहेत, पुढून बटणांचे. माझी जुनी लुगडी फाडून रात्रंदिवस मशीन चालवली. डोक्यावरून घालायचं काही सध्या अंगाला लावूच नकोस, हात वर जाता कामा नये. हा कागद निळ्या गाऊनच्या खिशात आहे.

तुझ्या आईनं मला सांगितलं, जागृतीचे पित्ताचे खडे काढले नाशिकला. मी म्हटलं बरं. मग तू व्हिडिओवर दिसलीस. छातीला घट्ट पट्टा, पाठीला तीन उशा, दोन्ही कोपरं अंगाला चिकटलेली. पित्त छातीत असतं का गं हेमलते, असं मी विचारलं तर तुझ्या आईचा फोनच कट झाला. आपल्या घरात बायकांचं काहीही कापलं तरी खडेच निघतात. मी दरडावल्यावर तू खरं बोललीस. आत पिशव्या बसवून छाती भरून घेतली, स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या मनानं. मी दोन दिवस तोंड फुगवलं. तुला वाटलं, म्हातारीला लाज वाटली. लाज कसली? मला राग आला तो आराम करायला तू धुळ्याला गेलीस म्हणून. बापाची आई इथं जळगावात जिवंत आहे, दोन खोल्या रिकाम्या आहेत, आणि तू आईच्या आईकडे!

ताईबाई तुला भरवते आहे तो फोटो हेमलतेनं स्टेटसला ठेवला. मी तो सात वेळा पाहिला. वरणावर तूप किती आहे तेही पाहिलं. भरवायला काय झालं, तुझी बोटं कुणी कापली का? माझी विहीण आहे, वाईट बोलू नये, पण ती बाई लग्नातसुद्धा नवरीपेक्षा पुढं उभी राहते.

आता ऐक. आपल्या गल्लीत उषा सिस्टर आहेत, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. त्यांना मी ओळखीतली एक मुलगी आहे असं सांगून सगळं विचारून आले. छाती आता दगडासारखी, गळ्याशी चढल्यासारखी दिसत असेल, एक बाजू वर, एक खाली. आरशापुढं रडत बसू नकोस, ती उतरून जागेवर बसायला दोन-तीन महिने जातात. सुजेल, हिरवंनिळं होईल, मधेच मुंगी चावल्यासारखी कळ येईल, ते बठ्ठं, सगळंच, चालायचं. उताणंच झोपायचं, डोकं उंच. पट्टा डॉक्टर सांगतील तेव्हाच सुटेल. पाण्याची कळशी काय, दळणाचा डबासुद्धा दीड महिना उचलायचा नाही. घरातल्या घरात चालत मात्र राहा. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, भिजवलेल्या मनुका खा. एक बाजू एकदम फुगली, लाल झाली, ताप चढला, तर ताईबाईच्या काढ्याची वाट बघू नकोस, तडक डॉक्टरला फोन. आणि ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी उगाच रडू येतं. आलं का? मला फोन केला नाहीस. तिच्याच पदरात रडली असशील.

पण पत्र मनुकांसाठी नाही. परवा तू बोलता बोलता म्हणालीस, नानी दहाव्या दिवशी न्हाऊ घालणार, बाजेखाली शेगडी ठेवणार, ओव्याचा शेक देणार. तू हसत होतीस. दहावा दिवस उद्या. ताईबाईनं चाळीस बाळंतिणी उठवल्या आहेत, त्यामुळं तिला बाजेवर पडलेली प्रत्येक बाई बाळंतीणच दिसते. मी फोनवर म्हटलं, विहीणबाई, शेक देऊ नका, तर म्हणाली, तुमले काय समजस? तुम्ही किती बाळंतपणं केली? जागू, कापलेल्या जागेची कातडी बहिरी असते. महिनोन् महिने तिला ऊन समजत नाही, थंड समजत नाही. तुला वाटेल कोमटच आहे, आणि खाली कातडी शिजत असेल. तेल नको, चोळणं नको, शेक तर नकोच नको. डॉक्टरच्या तोंडून ऐकवायचं असेल तर तसं ऐकव तिला, माझं नाव घेऊ नकोस. माझं नाव ऐकून ती शेगडीत दोन कोळसे जास्त टाकेल.

हे मला कसं ठाऊक, ते उषा सिस्टरांनी सांगितलेलं नाही. तू पाच वर्षांची होईपर्यंत माझ्या डाव्या कुशीत झोपायचीस, आठवतं? पोलक्यात हात घातल्याशिवाय तुला झोप यायची नाही. हात काढला की जागी व्हायचीस आणि घर डोक्यावर घ्यायचीस. मग त्या उन्हाळ्यात माझे खडे निघाले. तुला महिनाभर ताईबाईकडे धाडलं. परत आलीस ती तिच्याच गोष्टी सांगत, तिच्याच हातच्या शेवया मागत. तरी रात्री उशी घेऊन माझ्याकडेच आलीस. मी तुला उचलून दाराबाहेर ठेवलं. मोठी झालीस, आता आईजवळ झोप, म्हटलं. तू दाराला लाथा मारल्यास. आत मी बसून होते, उठले नाही. पुढच्या सुट्टीत तू स्वतःच धुळ्याला जायची पिशवी भरलीस. एकवीस वर्षं मी ताईबाईवर दात खाते आहे, आणि पोर तिला आणून दिली मीच.

माझेही खडे नव्हते गं. डावी बाजू काढली, सगळी. आबांना, तुझ्या आजोबांना, ठाऊक होतं, ते गेले, आणि पुनाजाऊला, तीही गेली. तिनंच मायेनं गरम विटेचा शेक दिला होता. मला काही समजलं नाही, लुगडं सोडलं तेव्हा कातडी कापडाबरोबर आली. तो डाग अजून आहे, करपलेल्या भाकरीएवढा. त्यावर माझ्या माहेरच्या, धरणगावच्या कापसाची पिशवी बसवते, रोज सकाळी, कुणी उठायच्या आधी. तेव्हा तुझा हात तिथं गेला असता तर तू बोंब ठोकली असतीस, म्हणून दार लावलं. तू धीटपणे दोन्ही बाजू भरून घेतल्यास आणि फोनवर हसून सांगितलंस, तेव्हा मी ताईबाईवर नाही, तुझ्यावर जळले. मला एक गेलेली सांगता आली नाही. रविवारी जगदीश गाडी घेऊन येईल. बापाला नाही म्हणू नकोस, पट्टा बांधून, मागं रेलून सावकाश ये. इथं उताणंच झोप, माझ्या डाव्या बाजूला. तुझा हात अजून नीट उचलत नसेल, पोहोचायला वेळ लागेल. लागू दे. या खेपेला दार लावणार नाही. वाचून झालं की हे पत्र ताईबाईच्या शेगडीत टाक, आणलीच आहे तर तेवढा तरी उपयोग होऊ दे तिचा.

तुझीच, आणि तिच्याआधी तुझी,
मोठी माय